गोंदियाच्या तलावांवरील शरदातील मासेमारी

गोंदिया जिल्ह्यातील तलाव आश्विनाच्या सुरुवातीला काठोकाठ भरलेले असतात. परतीचा पाऊस थांबला, आकाश निवळले की पाण्यात मिसळलेली माती हळूहळू तळाशी बसते आणि पावसाळ्यात गढूळ दिसणारा तलाव हिरवट, मग निळसर दिसू लागतो. याच दिवसांत ढिवर मासेमारांचे डोंगे पुन्हा पाण्यात उतरतात. मोठ्या जाळ्यांची मासेमारी मुख्यतः पुढे, उन्हाळ्याकडे होते, कारण तेव्हा पाणी आटून मासे थोड्या जागेत कोंडलेले असतात. शरदात मात्र पाणी भरपूर आणि मासे सगळीकडे पांगलेले असतात. या काळात मासा मिळवायचा असेल तर तलावाचा तळ, पाण्याचा ओघ आणि माशाची सवय यांची माहिती जाळ्यापेक्षा जास्त कामाला येते. म्हणूनच शरदातील मासेमारी ही जाणत्या माणसाच्या सोबतीने करायची मासेमारी आहे.

तलावांची घडण

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बाघ, चुलबंद व गाढवी या नद्यांच्या या प्रदेशात तलावांची इतकी दाटी आहे की भंडारा-गोंदियाला तलावांचा प्रदेश म्हणूनच ओळखले जाते. यांतले बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने टेकड्यांमधील उतार हेरून, नाल्यांवर मातीच्या पाळी घालून ते उभे केले. नवेगावबांधचा तलाव यांत सर्वांत प्रसिद्ध. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. हेच कोलू पाटील पुढे कोलासूर देव म्हणून पुजले जाऊ लागले. सिरेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, चुलबंद हे जिल्ह्यातील आणखी काही मोठे तलाव. गाढवी नदीवरील इटियाडोह हे मात्र विसाव्या शतकातले धरण आहे.

गावोगावच्या मध्यम आणि लहान तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हे नाव ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांहून लहान, एखाद्या शेतकऱ्याच्या शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या पाणसाठ्याला ‘बोडी’ म्हणतात.

मासेमारी समजून घ्यायची तर तलावाची रचना आधी लक्षात घ्यावी लागते. उताराच्या खालच्या बाजूला पाळ असते. पाळीलगत पाणी सर्वांत खोल, आणि ज्या नाल्यावर पाळ घातली त्याचे जुने पात्र तिथे पाण्याखाली लांबवर गेलेले असते. पाळीच्या एका टोकाला सलंग, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट असते. धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाणी सोडण्यासाठी पाळीत मोरी असते. वरच्या अंगाला, जिथून पावसाचे पाणी येते तिथे, तलाव उथळ होत गवतात आणि शेतात विरून जातो. खोल पाळ, वाहती मोरी आणि उथळ गवताळ काठ या तीन जागी तीन निरनिराळ्या प्रकारचे मासे राहतात.

ट्राउट थंड पाण्याचा, गोंदियाचा मासा उबेचा

गोंदियाच्या माशांची सवय कळायला आधी थंड प्रदेशातील मासा पाहू. तिथे शरदातील तलाव-मासेमारी म्हटली की ट्राउटचे नाव निघते. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाटाड्यासह नावेतून ट्राउट धरण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यामागचे कारण पाण्याच्या तापमानात आहे. थंड प्रदेशातील खोल सरोवरात उन्हाळाभर वर उबदार आणि खाली थंड असे पाण्याचे दोन थर राहतात. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, त्यामुळे उन्हाळ्यात तो खोल जातो. शरदात वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली बसते आणि सरोवर ढवळून एकसारखे होते. मग ट्राउटला वर येण्यास अडसर राहत नाही. शिवाय लेक ट्राउट याच दिवसांत खडकाळ उथळ भागात अंडी घालण्यासाठी येतो आणि ब्राउन ट्राउट त्यासाठी ओढ्यांच्या मुखाकडे सरकतो. वाटाड्याला या जागा माहीत असतात.

भारतात ट्राउट इंग्रजी अमदानीत आणला गेला. काश्मीर, हिमाचलमधील कुलू खोरे, निलगिरी आणि मुन्नारच्या उंच पठारावरील थंड ओढ्यांत तो रुजला. गोंदियात मात्र मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि उथळ तलावांचे पाणी तापते. २० अंशांच्या वर ट्राउट अस्वस्थ होतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याला जगणे कठीण होते. त्यामुळे इथे तो टिकणे शक्य नाही.

इथल्या माशांचे ऋतुचक्र ट्राउटच्या नेमके उलट चालते. लेक आणि ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालतात, तर गोंदियातील मासे आषाढ-श्रावणात, पाणी चढत असताना. त्यामुळे शरदात सापडणारा इथला मासा विणीसाठी आलेला नसतो. वीण आटोपून तो पुन्हा अंग धरण्यासाठी खात असतो, आणि थंडी वाढण्याआधी त्याला खाऊन घ्यायचे असते. दोन्हीकडे शरदात मासा काठाकडे येतो, पण थंड सरोवरात त्याला वीण आणते आणि गोंदियाच्या तलावात भूक.

शरदात पाण्यात काय घडते

पहिल्या मोठ्या पावसात नाले वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. यांना चढणीचे मासे म्हणतात. तलावातून वरच्या नाल्यांत, सलंगावरून वाहणाऱ्या पाण्यातून खालून वर, आणि तिथून थेट पाण्याने भरलेल्या बांध्यांपर्यंत ते जातात. उथळ, उबदार, गवताने भरलेल्या बांधीत अंड्यांना आणि पिल्लांना आसरा मिळतो. आश्विनात बांध्यांचे पाणी उतरू लागते तसे हे मासे, पिल्लांसह, परतीच्या वाटेला लागतात. बांधाच्या फटीशी बांबूचे सापळे लावून ते धरण्याची पद्धत धानपट्ट्यात सर्वत्र आढळते.

याच वेळी धान निसवू लागते. निसवण्याच्या दिवसांत बांधीत पाणी नसेल तर दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. परतीच्या पावसाने दगा दिला तर तलावाची मोरी उघडून बांध्यांना पाणी दिले जाते. मामा तलाव मुळात या एका पाण्यासाठी बांधलेले आहेत. हलके धान लवकर निघते, भारी धानाला मात्र उशिरापर्यंत पाणी लागते. मोरी उघडली की तलावाच्या स्थिर पाण्यात ओढ निर्माण होते. ओढीबरोबर पाणकिडे, झिंगे आणि बारीक मासळी मोरीकडे येते आणि तिच्यामागे मोठा मासा येतो. त्यामुळे धानाला पाणी सुटण्याचे वेळापत्रक माहीत असणाऱ्याला मासा कुठे असेल हेही कळते.

पाण्याचे तापमान हा दुसरा घटक. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात चांगले खातात. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी याच मर्यादेत असते. कार्तिक सरत आला, पहाटे तलावावर धुके धरू लागले की पाणी थंड होते आणि मासे मंदावतात. पौषात गळाला क्वचितच झटका बसतो. म्हणून दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंतचे (गावजत्रेपर्यंतचे) दिवस गळाच्या मासेमारीसाठी सर्वांत चांगले. गावच्या मंडईला पाहुणे आले की भाताबरोबर मासळीचा रस्सा हवाच, त्यामुळे मासळीला मागणीही याच वेळी असते.

तिसरा घटक प्राणवायू. रात्रभर पाणवनस्पती आणि सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू वापरतात, म्हणून सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. ऊन चढले की वनस्पती पुन्हा प्राणवायू सोडतात आणि मासे खाण्यासाठी हालचाल करू लागतात. कोवळे ऊन पसरल्यानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्य कलल्यानंतरचा काळ गळासाठी उत्तम मानला जातो. आभाळ दाटलेल्या, कोंदट सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसले तर ते भुकेने नसून हवेसाठी आलेले असतात. त्या वेळी गळाला ते विचारत नाहीत.

मासे आणि त्यांच्या जागा

खोल पाण्यातील मुख्य मासे कटला, रोहू आणि मृगळ हे तीन. एकाच पाण्यात राहूनही त्यांचे खाणे वेगळे असते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ कुरतडतो. मृगळाचे तोंड खाली असते आणि तो तळातील कुजका पाला व गाळ उकरतो. मृगळ जिथे तळ उकरतो तिथे बारीक बुडबुड्यांची रेघ वर येते आणि ती हळूहळू पुढे सरकते. ही रेघ ओळखता आली की गळ कुठे टाकायचा हे ठरते. या माशांसाठी कोंडा आणि ढेप भिजवून केलेल्या गोळ्या वापरतात. गोळी कटल्यासाठी वर आणि मृगळासाठी तळाशी राहील अशा बेताने गळाची खोली ठेवली जाते.

उथळ, गवताळ काठ हे मरळीचे राज्य. मरळ शिकारी मासा असून हवेतून श्वास घेते. तिच्या डोक्यात हवा साठवणारी पोकळी असते. दर काही मिनिटांनी ती वर येते, पाणी हलके फुटते, एक घोट हवा घेऊन ती पुन्हा खाली जाते. ढिवराचे कान या आवाजाला सरावलेले असतात. त्याने त्या जागेवर बेडूक किंवा लहान मासा लावलेला गळ अलगद सोडला की मरळ झेप घेते. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा एक थवा एकत्र वळताना दिसतो. ती मरळीची पिल्ले. त्यांच्याखाली आई-बाप राखण करत असतात आणि थव्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. त्या वेळी त्यांना गळाला लावणे सोपे असते, पण राखण गेली की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. असा थवा दिसला की गळ आवरून पुढे जावे, हेच तलावाच्या आणि मासेमाराच्या हिताचे.

मागूर आणि शिंगी हेही हवा घेणारे मासे. त्यांना चिखल आणि अंधार आवडतो, म्हणून ते संध्याकाळनंतर गांडुळाच्या गळाला येतात. शिंगीच्या पंखाचा काटा विषारी असतो. तो बोचला तर हात तासन्‌तास ठणकतो, त्यामुळे तिला सोडवताना फडके किंवा चिमटा वापरतात. शिवडा हा मोठ्या तोंडाचा शिकारी मासा मोठ्या तलावांच्या आणि धरणांच्या खोल भागात, जुन्या नाल्याच्या पात्रात आढळतो.

वाटाड्या ढिवर

गोंदिया-भंडाऱ्यातील पारंपरिक मासेमार समाज म्हणजे ढिवर. मासे धरणे, डोंगा चालवणे, जाळी विणणे ही त्यांची पिढीजात कामे. तलावात शिंगाड्याचे वेल लावून ते काढण्याचे कामही ते करतात. शिंगाड्याचा हंगामही शरदापासूनच सुरू होतो, त्यामुळे एकाच डोंग्यात एका बाजूला जाळे आणि दुसऱ्या बाजूला शिंगाडे असे दृश्य या दिवसांत दिसते.

ढिवराच्या सोबतीने तलावावर निघालेल्या माणसाला पहिली गोष्ट जाणवते ती शांततेची. डोंगा काठावरून ढकलला जातो, वल्हे पाण्यात पाते न आपटता घातले जाते आणि बोलणे जवळजवळ थांबते. डोंग्याच्या कडेवर आपटलेले भांडे किंवा पायाचा आवाज पाण्यातून दूरवर पोहोचतो. मासा पाण्यातली थरथर आपल्या अंगावरच्या संवेदनशील रेषेने टिपतो. ढिवर आधी पाळीवरून पाणी न्याहाळतो. पाणकावळे कुठे बुडी मारतात, पाणमांजरांचा कळप कोणत्या बाजूला गेला, गवताच्या कोणत्या टोकाला पाते वाऱ्याशिवाय हलते, यांवरून तो दिशा ठरवतो. मग डोंगा जुन्या नाल्याच्या रेषेवर नेतो. ही रेषा पाण्यावर दिसत नाही. तलाव उन्हाळ्यात उघडा पडतो तेव्हा ढिवर त्या जागी चाललेला असतो, आणि काठावरचे एखादे झाड व समोरची टेकडी अशा दोन खुणा जुळवून तो ती रेषा शोधतो. बुडालेले खुंट आणि गाळाच्या जागाही त्याला याच रीतीने ठाऊक असतात. नवखा माणूस तिथे फसू शकतो, म्हणून कोणत्याही मोठ्या तलावावर एकट्याने डोंगा नेऊ नये आणि पोहता येत असले तरी तरंगजाकीट घालावे.

वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगावबांधला घालवलेल्या वर्षांवर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. जंगल आणि पाण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांचे ज्ञान वनविद्येइतकेच मोलाचे आहे, ही जाणीव त्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

हक्क आणि नियम

तलावातील मासा कोणाचा, हा प्रश्न गळ टाकण्यापूर्वी विचारावा लागतो. बहुतेक तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, त्याहून मोठे राज्य शासनाच्या, तर काही लहान तलाव ग्रामपंचायतींच्या. ठेका घेतलेली संस्था स्वखर्चाने तलावात बीज सोडते, त्यामुळे बाहेरच्या हौशी माणसाने संस्थेची परवानगी घेऊन, तिच्याच सभासदाला सोबत घेऊन मासेमारी करणे योग्य. त्याचा मोबदला थेट त्या सभासदाच्या कुटुंबाला मिळतो.

हे बीजही समजून घेण्यासारखे आहे. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीत अंडी घालणारे मासे. तलावाच्या स्थिर पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. १९५७ मध्ये कटकच्या संशोधन केंद्रातील डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्याची वीण घडवली. त्या यशाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. अशा केंद्रांतून मिळणारे काही मिलिमीटर लांबीचे मत्स्यजिरे वाढवून मत्स्यबीज आणि पुढे बोटाएवढी बोटुकली तयार होते, आणि ती तलावात सोडली जाते.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने लागू होतात. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्यामुळे या परिसरात वनविभागाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पाण्यात स्फोट घडवून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. अशा प्रकारात लहान-मोठे सगळेच मासे मरतात आणि तलाव पुढची काही वर्षे रिकामा राहतो.

तलावाची निगा

गेल्या काही दशकांत अनेक तलाव गाळाने उथळ झाले. काठावर बेशरम हे तण माजले आणि माशांना आसरा देणाऱ्या चिला, चौरा, गाद यांसारख्या पाणवनस्पती कमी झाल्या. बाहेरून आलेल्या तिलापियासारख्या माशांची स्पर्धा वाढली. केवळ मोठ्या माशांचे बीज सोडण्यावर भर दिल्याने गावठी मासळीकडे दुर्लक्ष झाले. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांसोबत यावर काम केले आहे. बेशरम उपटणे, तळ नांगरणे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे हा त्या कामाचा गाभा. त्यात ढिवर स्त्रियांचा मोठा वाटा आहे. वनस्पती परतल्या की गावठी मासळी आणि पाणपक्षी यांना पुन्हा चारा व आसरा मिळतो. महाराष्ट्रात मोजक्याच उरलेल्या सारस क्रौंचांचा मुख्य आधार गोंदियातील याच धानबांध्या आणि तलाव आहेत.

हौशी मासेमारानेही काही पथ्ये पाळावीत. जेवणापुरते मासे ठेवून लहान मासे ओल्या हाताने सोडवून पुन्हा पाण्यात सोडावेत, कारण कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्वचेला बुरशी धरते. नायलॉनची तुटलेली दोरी काठावर टाकू नये, ती पाणपक्ष्यांच्या पायांत अडकते. सारसांच्या किंवा पाणमांजरांच्या जवळ डोंगा नेऊ नये.

मार्गशीर्षात धान कापले गेले की मोरी बंद होते, तलावातील ओढ थांबते आणि थंडीमुळे मासे खोल पाण्यात स्थिरावतात. गळाचा हंगाम तिथे संपतो. त्यानंतर पाणी उतरण्याची वाट पाहत ढिवर मोठी जाळी विणायला आणि डागडुजी करायला बसतात.